टक्का नाकारला, तर दाद कुणाकडे?

संजय गांधी निराधार योजना 1980 पासूनची. गावाकडे तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. दिव्यांगाचा अर्ज नामंजूर झाला की लोक तहसीलवर चिडतात, पण पुष्कळदा निकाल त्याआधीच सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डात, म्हणजे अपंगत्वाचा टक्का ठरवून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळात, लागलेला असतो. दाखल्यावर 40 टक्क्यांहून कमी लिहिलेलं असेल तर तहसीलदार काय करणार? केंद्राच्या 2009 सालच्या दिव्यांग पेन्शनला तर 80 टक्के लागतात. म्हणून नकाराविरुद्धच्या अपिलाचा इतिहास शोधायचा तो दाखल्याच्या वाटेनेच.

40 ची रेघ 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने आखली. त्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि दाखला नाकारला तर अपील करायचं कलम नव्हतं. 1996 च्या नियमांत सोय होती ती एवढीच, की अर्जदाराने विनंती केल्यास बोर्डाने आपलाच निर्णय पुन्हा पाहावा. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्याच दारात पुन्हा जायचं!

फेरतपासणी का हवी, ते आकड्यांतच दिसतं. एखाद्याला दृष्टीचे 30 आणि श्रवणाचे 20 टक्के मिळाले, तर बेरीज 50 होत नाही. सूत्र असं: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा) भागिले 90. म्हणजे 43 च्या आसपास. दोन्ही तपासण्या सुट्या ठेवल्या तर माणूस दोन्हीकडे नापास, एकत्र धरल्या तर पात्र.

19 एप्रिल 2017 ला लागू झालेल्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार 21 केले आणि कलम 59 मध्ये अपिलाचा हक्क दिला. मात्र मुदत, पद्धत आणि अपील ऐकणारा अधिकारी ठरवणं राज्यांवर सोडलं. 2017 च्या नियमांनुसार नकार कारणासह लेखी द्यावा लागतो, त्यासाठी नमुना 8 आहे. हा कागद मागून घ्यावाच. 'डॉक्टर नाही म्हणाले' यावर अपील कसं करणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या एमबीबीएस प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशा प्रवेशांसाठी अपील मंडळ तयार होईपर्यंत प्रवेशासाठी अपंगत्व तपासणाऱ्या बोर्डाच्या प्रतिकूल मताला न्यायालयात आव्हान देता येईल, आणि न्यायालयाने नामांकित वैद्यकीय संस्थेकडून स्वतंत्र मत घ्यावं.