उजळपणाचे संवेदन

एखादा पृष्ठभाग पांढरा आहे, राखाडी आहे की काळा, हे डोळ्याला जाणवणे म्हणजे उजळपणाचे संवेदन. त्या पृष्ठभागावरून किती प्रकाश येतो ही जाणीव वेगळी; तिला तेजस्विता म्हणतात. सावलीत ठेवलेला कागद मंद दिसतो, पण दिसतो पांढराच.

पांढरा कागद पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत पाठवतो, काळा जेमतेम ३ ते ५ टक्के. भर उन्हात १,००,००० लक्सच्या (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश असतो, दिव्याखालच्या खोलीत ३०० लक्स धरू. हिशेब केला तर उन्हातला काळा कागद खोलीतल्या पांढऱ्यापेक्षा दहा पटींहून अधिक प्रकाश डोळ्यात पाठवतो. तरी तो काळाच दिसतो, कारण शेजारच्या पृष्ठभागांशी असलेले प्रकाशाचे गुणोत्तर बदलत नाही. हान्स वॉलाख यांनी १९४८ मध्ये तबकडी आणि तिच्याभोवतीचे कडे वापरून हे गुणोत्तराचे तत्त्व मांडले.

शेजारच काढून घेतला तर काय होते, हे आढेमार गेल्ब यांच्या १९२९ च्या प्रयोगात दिसते, आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. अंधाऱ्या खोलीत काळा कागद टांगायचा आणि आडोशाला ठेवलेल्या दिव्याचा झोत फक्त त्याच्यावर पाडायचा. कागद पांढरा दिसतो. आता त्याच झोतात खरा पांढरा कागद धरला की पहिला क्षणात काळवंडतो. काढून घेतला की पुन्हा पांढरा. खरे काय ते माहीत असूनही फरक पडत नाही. प्रयोग फसतो तो बहुधा झोत मागच्या भिंतीवर सांडल्याने, कारण मग डोळ्याला तुलनेला आधार मिळतो.

कडाही महत्त्वाची. एवाल्ट हेरिंग यांचा प्रयोग साधा आहे: कागदावर पडलेल्या सावलीच्या धूसर किनारीवरून जाड काळी रेघ ओढायची. किनार झाकली जाताच सावली सावली राहत नाही, कागदावरचा डाग दिसू लागते.

संगणकाच्या पडद्यावर प्रयोग करताना हमखास होणारी चूक म्हणजे छटेच्या ० (काळा) ते २५५ (पांढरा) या आकड्यांमधल्या १२८ ला अर्धा प्रकाश समजणे. गॅमा (आकड्याच्या कितव्या घाताने प्रकाश वाढतो ते सांगणारी संख्या) २.२ असलेल्या पडद्यावर तिथे कमाल प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच मिळतो. दिसायला मधला राखाडीही १८-२० टक्के परावर्तनाला येतो, त्यामुळे ही चूक नजरेला खटकत नाही. म्हणून प्रत्येक पातळी प्रकाशमापकानेच मोजावी. निरीक्षकाला प्रश्नही नेमका हवा: ‘किती प्रकाश येतो?’ आणि ‘कागद कोणत्या छटेचा आहे?’ यांची उत्तरे त्याच चित्रासाठी निराळी येतात.