कालप्रवासी कोडे-खेळ

ज्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू काळात मागेपुढे जाऊन, काळ उलटा फिरवून किंवा तोच काळ पुन्हा पुन्हा जगून कोडी सोडवतो आणि त्यातूनच कथा उलगडते, त्याला कालप्रवासी कोडे-खेळ म्हणतात. असा खेळ रचताना सगळ्यात आधी काळाचा नियम ठरवावा लागतो. भूतकाळात केलेला बदल वर्तमानात उमटणार का? उमटणार असेल तर लगेच की मधली वर्षे सरल्यावर? काळ मागे गेला तर खेळाडूच्या हातातली वस्तू राहते की जाते? उत्तर काहीही असले तरी चालते, पण ते शेवटपर्यंत तेच राहायला हवे. खेळाडूचा सगळा तर्क त्या नियमाच्या भरवशावर चालतो आणि कथेच्या सोयीसाठी नियम एकदा जरी वाकवला, तरी पुढच्या कोड्यांवरचा विश्वास उडतो.

या प्रकारातला जुना आणि आजही अभ्यासण्याजोगा नमुना म्हणजे लुकासआर्ट्सचा ‘डे ऑफ द टेन्टॅकल’ (1993, रचना : डेव्ह ग्रॉसमन आणि टिम शेफर). यातली तीन पात्रे एकाच घरात, पण तीन काळांत अडकलेली असतात : बर्नार्ड वर्तमानात, होगी 200 वर्षे मागे आणि लव्हर्न 200 वर्षे पुढे. छोट्या वस्तू ते कालयंत्रातून एकमेकांना पाठवू शकतात, पण खरी मजा आहे ती वस्तू जागेवर ठेवून वर्षे उलटू देण्यात. भविष्यात थंडीने गारठलेल्या एका हॅमस्टरला (उंदरासारख्या छोट्या पाळीव प्राण्याला) स्वेटर हवा असतो. हाताशी असलेला स्वेटर फार मोठा, म्हणून बर्नार्ड तो वर्तमानातल्या ड्रायरमध्ये (कपडे वाळवण्याच्या, नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रात) टाकतो आणि भरपूर नाणी घालून यंत्र सुरू करतो. 200 वर्षांनी लव्हर्न तोच ड्रायर उघडते, तेव्हा स्वेटर आटून हॅमस्टरच्या मापाचा झालेला असतो. होगीला बॅटरीसाठी व्हिनेगर लागते, तेव्हा वाइनची बाटली कालकुपीत (पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू जपून ठेवायच्या पेटीत) पुरली जाते. भविष्यात ती बाहेर निघते तोवर वाइन आंबून गेलेली असते.

ही कोडी इतकी चोख वाटतात याचे कारण त्यांच्यात नवे काही शिकावे लागत नाही. लोकर आटते, वाइन आंबते हे खेळाडूला घरूनच माहीत असते. खेळ फक्त त्याला 200 किंवा 400 वर्षांची मुभा देतो. अशा कोड्यांची गुंतागुंत आवरण्यासाठी कोणते कोडे कोणत्या कोड्यावर अवलंबून आहे याचा तक्ता काढतात. तो शेवटच्या कोड्यापासून उलटा मांडत आलेला बरा. ‘मंकी आयलंड’ या खेळाचे रचनाकार रॉन गिल्बर्ट यांनी या तक्त्याच्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहिले आहे.

जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’मध्ये (2008) काळ थेट खेळाडूच्या बोटांवर येतो. एक बटण दाबून धरले की घडलेले सगळे उलटे फिरते. पुढे प्रत्येक जगात नियमाला नवी जोड मिळते : कुठे काही वस्तूंवर उलट्या काळाचा परिणाम होत नाही, कुठे नायक उजवीकडे चालला की काळ पुढे आणि डावीकडे चालला की मागे जातो, कुठे पुसून टाकलेली कृती सावली होऊन पुन्हा घडते. अखेरच्या प्रसंगात राजकन्या नायकाला मदत करताना दिसते. काळ फिरवल्यावर मात्र कळते, की ती त्याच्यापासूनच पळत होती. कथेचा हा कलाटणीचा क्षण संवादाने सांगितला असता तर फिका पडला असता. इथे तो खेळाडूच्याच हातून घडतो.

तिसरा मार्ग काळाच्या फेऱ्याचा. निन्टेन्डोच्या ‘माजोराज मास्क’मध्ये (2000) तीच तीन दिवसांची मुदत पुन्हा पुन्हा येते. फेरा फिरला की जवळचे बाण, बॉम्ब आणि पैसे जातात, बँकेत ठेवलेले पैसे तेवढे टिकतात. गावकऱ्यांचे दिवसभराचे वेळापत्रक ठरलेले असल्यामुळे कोण कुठे आणि केव्हा भेटेल हे हेरणे हेच कोडे होते. मोबियस डिजिटलच्या ‘आउटर वाइल्ड्स’ने (2019) ही कल्पना टोकाला नेली. अ‍ॅलेक्स बीचम यांच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधातून तो वाढला. त्यात 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. मधल्या वेळात एका जुळ्या ग्रहावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जात असते : इकडे पुरलेले मनोरे उघडे पडतात, तिकडे गुहा बुजत जातात. त्यामुळे कुठे जायचे याइतकेच कोणत्या मिनिटाला जायचे हेही महत्त्वाचे. नायकाची ताकद वाढत नाही, नवी हत्यारे मिळत नाहीत. पुढच्या फेरीत जाते ती फक्त माहिती, आणि नायकाच्या अंतराळयानातल्या नोंदवहीत तिचे धागेदोरे जुळत जातात. ज्याला सगळे ठाऊक आहे तो एकाच फेरीत शेवट गाठू शकतो. या प्रकारातली ही सर्वांत प्रामाणिक रचना म्हणावी लागेल, कारण इथे कुलूपही ज्ञानाचे आणि किल्लीही ज्ञानाचीच.

फेऱ्याच्या खेळात मोठा धोका कंटाळ्याचा असतो. तेच संवाद, तीच वाट पुन्हा पुन्हा करावी लागली तर खेळाडू खेळ सोडून देतो, म्हणून फेरा छोटा ठेवणे, ऐकलेले संवाद झटकन ओलांडू देणे आणि सापडलेल्या माहितीची नोंद आपोआप ठेवणे आवश्यक ठरते. काळ उलटा फिरवायचा तर प्रत्येक वस्तूची क्षणाक्षणाची स्थिती साठवावी लागते आणि संगणकाच्या स्मृतीचा (मेमरीचा) हिशेब सांभाळावा लागतो. बदलणाऱ्या इतिहासाच्या खेळात दर बदलाबरोबर शक्यता वाढत जातात. खेळाडू कायमचा अडकून पडेल अशी एकही वाट उरता कामा नये. चाचणीही अवघड असते : कोडे एकदा सुटले की त्या माणसाला ते पहिल्यांदा पाहता येत नाही, त्यामुळे इशारा पुरेसा आहे का हे तपासायला दर खेपेस नवा खेळाडू बसवावा लागतो.