कणी गळतेय? आधी पडलेली उचला, मग दुकानात या

(आमच्या रोपवाटिकेच्या गिऱ्हाइकांसाठी: हापूसच्या फळगळीबद्दल)

जानेवारी उजाडला की आमच्या काउंटरवर रोज एकच गाऱ्हाणं येतं. "मोहोर फुटला, कणीही (नुकती धरलेली बारीक फळं) धरली, आणि आता कलमाखाली नुसता सडा. काय मारू?" आम्ही उलट विचारतो, पडलेली कणी आणलीत का? बहुतेकांनी आणलेली नसते. मग अंदाजानं औषध द्यावं लागतं. ते आम्हाला आवडत नाही आणि तुमच्या खिशालाही परवडत नाही.

थोडी गळ तर व्हायचीच. एका तुऱ्यात हजारभर, कधी त्याहूनही जास्त फुलं असतात. त्यातली बरीच नुसती नर फुलं, त्यांना फळ धरतच नाही. बाकीच्यांवर जी कणी धरते तिच्यातलीही बहुतेक पहिल्या महिनाभरात खाली येते. तुऱ्याला एक-दोन आंबे शेवटपर्यंत टिकले तरी कलम लगडलेलं दिसतं. तेव्हा मोजायचीच असेल तर वर राहिलेली कणी मोजा.

फळ सुटतं ते डेखाच्या (देठाच्या) सांध्यावर. आतलं बी वाढत असतं तोवर त्यातून ऑक्झिन नावाचं संप्रेरक डेखाकडे येत राहतं आणि सांधा घट्ट राहतो. बी मेलं, किंवा झाडाला पाणी-अन्न पुरेना झालं, की हा पुरवठा आटतो, सांध्यातल्या पेशी सुट्या होतात आणि वाऱ्याची झुळूकही पुरते. म्हणून पडलेलं फळ केवढं आहे आणि आत काय आहे, यावरून कारण बरंचसं कळतं.

वाटाण्याएवढी कणी नखानं चिरा. आत बी सुकून तपकिरी झालेलं असेल, तर परागीकरण नीट झालेलं नाही. हापूसचं इथंच घोडं अडतं. स्वतःच्या परागावर त्याला फळ कमी धरतं आणि आपल्याकडे तर डोंगरच्या डोंगर निव्वळ हापूसचे. बागेत मधूनमधून दुसऱ्या जातीची कलमं हवीत, शंभरातली पाच-दहा तरी: केशर, गोवा मानकूर, किंवा वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून १९८१ साली आलेली रत्ना. (नीलम आणि हापूसच्या संकरातून ती तयार झाली.) ही कलमं आम्ही विकतो, त्यामुळे आमच्या बोलण्यात स्वार्थ आहे असं वाटेल. पण कुंपणापलीकडे शेजाऱ्याची रायवळ झाडं असतील तर पराग तिथूनही येतो. मग आमच्याकडे नाही आलात तरी चालेल.

पराग वाहून नेतात त्या माशा आणि मधमाश्या. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलंत तर आधी त्याच मरतात. त्या आठ-दहा दिवसांत शक्यतो कीटकनाशकाचा पंप हातात घेऊ नका. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा बंदोबस्त मोहोर फुलण्याआधीच झालेला बरा. पानं चिकट लागली, खार पडून पुढे काळी पडायला लागली, तर उशीर झालाय असं समजा. मोहोरावर पांढरी पूड दिसली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. तिच्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, तेही टळटळीत उन्हात नको.

आता वर बघा. कणी धरलेल्या तुऱ्यातूनच पुन्हा नवा मोहोर डोकावतोय का? जानेवारी-फेब्रुवारीत थंडी परत वाढली की असं होतं. झाडाची ताकद नव्या फुलांकडे वळते आणि आधीची, चांगली पोसलेली कणी उपाशी राहून गळते. लोक याला रोग समजून बुरशीनाशक मारतात, पैसे फुकट जातात. हे होऊच नये म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकाची: ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. ते थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यायचं. पहिली फवारणी पहिला मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी १५ दिवसांनी. मोहोर मुळातच कमी आला असेल त्या झाडाला हे देऊ नका.

गोटीएवढी, अंड्याएवढी फळं पडतात आणि आत बी पांढरंशुभ्र, निरोगी असतं, तेव्हा संशय पाण्यावर घ्यायचा. कातळावरची कलमं फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सगळ्यात आधी तहानतात. फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून १५ दिवसांच्या अंतरानं तीन वेळा, झाडाच्या वयाप्रमाणे १५० ते २०० लिटर पाणी द्या. बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला आळं करून द्या. पाणी पिणारी मुळं तिथं असतात. वर गवताचं आच्छादन घाला. वाटाणा, गोटी आणि अंडं या तिन्ही वेळी १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (लिटरला १० ग्रॅम) फवारलं तर गळ कमी होते आणि फळही पोसतं. काढणीच्या महिनाभर आधी मात्र पाणी बंद.

एप्रिलमध्ये तयार होत आलेलं फळ पडलं तर कापून अळी बघा. असेल तर फळमाशी. औषधापेक्षा रक्षक सापळा (नर फळमाश्यांना वासानं ओढून पकडणारा) बरा. पडकी फळं झाडाखाली कुजत ठेवू नका, खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर त्याच अळ्यांच्या माशा होऊन पुन्हा वर चढतील.

दुकानात येताना दहा-बारा पडलेली फळं कागदी पिशवीत घेऊन या. प्लास्टिकमध्ये घामेजून सडतात आणि मग काहीच कळत नाही. मोहोराचा एक फोटो आणि शेवटची फवारणी कधी, कशाची केली तेही सांगा. चिरून बघायला पैसे पडत नाहीत. सकाळी लवकर आलात तर बरं, दुपारनंतर आम्हीच कुणाच्या तरी बागेत असतो.