एक्मोवरून उतरलेल्या मुलाचा पाय

पुण्या-हैदराबादला एक्मोवर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या यंत्रावर, राहून वाचलेलं मूल सोलापूरला घरी येतं, तेव्हा शेजारपाजार विचारतो ते श्वासाचं आणि हृदयाचं. पायाचं कोणी विचारत नाही. विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. हृदय-फुप्फुसाचा सगळा भार यंत्राने पेलला तो २६ मिनिटं. त्याहून फार काळ ते चालवता येईना, कारण रक्ताला हवा थेट भिडली की रक्तपेशी फुटतात. रक्त आणि हवा यांच्यामध्ये पातळ पडदा आला आणि तासांचे दिवस झाले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी एक नवजात मुलगी या आधारावर वाचवली. परिचारिकांनी तिचं नाव ठेवलं एस्पेरांझा, म्हणजे आशा.

पण रक्त बाहेर काढून परत आत सोडायला वाट लागते. नवजात बाळाच्या जांघेतली धमनी फारच बारीक, म्हणून नळी मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या धमनीत घालत आणि काम झालं की ती धमनी बांधूनच टाकत. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं कडं असतं, डावीकडून रक्त पोचेल, हा भरवसा. जीव वाचत होता, म्हणून हे चाललं. पुढे काही शल्यचिकित्सक ती धमनी पुन्हा जोडू लागले.

मोठ्या मुलांत नळी जांघेत जाते. ती नळी तिथली धमनी जवळजवळ भरून टाकते आणि पाय रक्तावाचून गार पडतो. पोटरीत दाब वाढला तर स्नायूंवरचं आवरण चिरून मोकळं करावं लागतं. म्हणून पावलाच्या दिशेने दुसरी बारीक नळी सोडायची पद्धत आली. त्यातच रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिन या औषधाची कसरत: कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव.

नळी निघाल्यावरही धमनी अरुंद राहू शकते. मुलांचं शरीर आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून वाट काढतं, त्यामुळे ते बरीच वर्षं कळतच नाही. मग कधी गड्ड्याच्या जत्रेत चालता चालता मूल थांबतं, पोटरी दुखते म्हणतं. कधी तो पाय किंचित आखूड राहतो. दोन्ही घोट्यांचा रक्तदाब मोजला, जांघेची, रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी केली, तर बरंचसं समजतं. डिस्चार्ज कार्डावर नळी कुठल्या बाजूला होती एवढं लिहून घ्या, आणि ते कार्ड मूल पूर्ण वाढेपर्यंत जपा.