ओसाकातली खरेदी

ओसाका हे जपानमधलं जुनं व्यापाऱ्यांचं शहर. एदो काळात, म्हणजे साधारण १६०३ ते १८६८ मध्ये, देशभरातला तांदूळ इथे येऊन विकला जायचा आणि दोजिमाच्या तांदूळबाजाराला १७३० मध्ये शोगुनच्या (तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाच्या) सरकारने अधिकृत मान्यताही दिली होती, त्यामुळे धंदा इथे काल-परवा आलेला नाही.

खरेदीचे मुख्य भाग दोन: उत्तरेला उमेदा, ज्याला लोक कीता म्हणतात, आणि दक्षिणेला नाम्बा-शिन्साइबाशी म्हणजे मिनामी. दोन्ही मिदोसुजी मेट्रोवरच आहेत. उमेदाचं हान्क्यू हे डिपार्टमेंट स्टोअर १९२९ मध्ये एका रेल्वे कंपनीने स्टेशनलाच लागून काढलं, म्हणजे गाडीतून उतरलेला माणूस आपसूक गिऱ्हाईक, आणि मग बाकीच्या रेल्वे कंपन्यांनीही हाच कित्ता गिरवला. अशा मोठ्या दुकानांच्या तळघरात खाण्याचे स्टॉल असतात आणि संध्याकाळी बंद व्हायच्या सुमारास बेंतो (जेवणाचे तयार डबे), सुशी वगैरेवर भाव कमी केल्याचे स्टिकर लागायला लागतात, तेव्हा जरा उशिरा गेलेलं बरं.

शिन्साइबाशीची छताखालची गल्ली सगळ्यात प्रसिद्ध, पण तिथे टुरिस्टांची गर्दी आणि बरीचशी चेन दुकानं जी कुठेही मिळतील. खरी मजा तेन्जिनबाशीसुजीला. साधारण २.६ किलोमीटर लांब बाजार, बराचसा छताखाली, सहाशेच्या आसपास दुकानं, जपानमधला सगळ्यात लांब असा त्याचा लौकिक, आणि इथे भाजी, चपला, जुनी पुस्तकं, चहा, औषधं असं रोजच्या गरजेचं सामान घ्यायला आसपासचे लोक येतात. पाऊस असला तरी अडत नाही. चालून पाय दुखले तर मधेच मेट्रो पकडता येते.

नाम्बाजवळची दोगुयासुजी ही गल्ली छोटीशीच आहे पण स्वयंपाकाची हौस असेल तर चुकवू नये: हॉटेलवाल्यांना लागणारी भांडी, ताकोयाकीचे (ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांचे) खळगेवाले तवे, सुऱ्या, कंदील, शिवाय हॉटेलच्या काचेत मांडतात ते प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ, जे दिसायला अगदी खरे. इलेक्ट्रॉनिक्स, फिगर्स (कार्टूनमधल्या पात्रांच्या छोट्या मूर्ती), मांगा (जपानी कॉमिक्स) यासाठी जवळच निप्पोनबाशीचं देन-देन टाउन आहे. कुरोमोन हा मासळी आणि फळांचा बाजार आता बराच टुरिस्टी झालाय, भावही तसेच.

लेबलवर बऱ्याचदा दोन किमती असतात, त्यातली जास्त असेल ती कर धरून. कर १० टक्के, घरी न्यायच्या खाण्यावर ८. घासाघीस? ओसाकाकरांचा त्यात हातखंडा मानतात, पण डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्या भानगडीत पडू नका.