फेसलिफ्ट करायचं म्हणता? आधी खर्रा सोडा

माझी मावशी 58 ची, वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे शेती आहे, तीस वर्षं कपाशीत निंदण आणि वेचणी केलेली. पोरीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "माह्या चेहऱ्याले काय झालं वं पोरी, गाल पाह्य कसे लोंबून राह्यले." आणि मग हळूच फेसलिफ्टचं, म्हणजे उतरलेला चेहरा वर उचलायच्या ऑपरेशनचं विचारलं, तिनं मोबाईलवर पाहिलं होतं. घरचे हसले, मला ते अजिबात आवडलं नाही. चेहरा तिचा, कापसाचे पैसे तिचे. मी तिच्यासोबत नागपूरला प्लास्टिक सर्जनकडे गेले आणि आधी-नंतर बरंच वाचलं, ते इथं लिहून राहिले.

पहिली गोष्ट म्हणजे चेहरा फक्त कातडी सैल झाली म्हणून उतरत नाही. रजई बघा, आतला कापूस सरकून खालच्या कोपऱ्यात गोळा झाला की वरची खोळ कितीही ताणा, रजई नीट होत नाही. चेहऱ्याचंही तसंच, वर कातडी, त्याखाली चरबीच्या गाद्या, त्याखाली स्नायूंना धरून असलेला एक चिवट पडदा आणि सगळ्यात आत हाडं. वय वाढलं की चरबी खाली सरकते, पडदा ढिला होतो आणि जबड्याचं हाडही झिजतं. शंभरेक वर्षांपूर्वी सर्जन नुसती कातडी ताणून शिवायचे, ते फार टिकायचं नाही आणि चेहरा ओढल्यासारखा दिसायचा. 1976 ला मिट्झ आणि पेरोनी या दोन फ्रेंच सर्जननी त्या आतल्या पडद्याचं नीट वर्णन केलं, त्याला स्मास म्हणतात, आणि तेव्हापासून चांगला फेसलिफ्ट म्हणजे हा पडदा वर उचलून टाके घालणं, कातडी त्यावर नुसती सैलसर बसवायची आणि जास्तीची कापायची. चिरा कानशिलापासून कानाच्या पुढून खाली, पाळीला वळसा घालून मागे केसांत जातो म्हणून तो सहसा लपतो. आपल्या सावळ्या कातडीवर मात्र व्रण काळा पडू शकतो, आणि कुणाला आधीच्या जखमेवर जाड गाठीसारखा व्रण आला असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं.

यानं जबड्याची रेघ आणि मान सुधारते, कपाळाच्या आठ्या, पापण्या, ओठांवरच्या बारीक रेघा तशाच राहतात. उन्हानं खरबरीत झालेली कातडीही तशीच. 2012 ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या डॉक्टरी नियतकालिकात 69 वर्षांच्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता, 28 वर्षं गाडी चालवून खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा झालेला, आणि तेही काचेमागं बसून. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि बायका रानात असतात, तर दुपट्टा बांधणं हा ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचाही उपाय आहे.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून खातात तो. डॉक्टरांनी बीपी, शुगर विचारलं आणि मग सरळ "खर्रा किती?" मावशी खाली बघत म्हणाली, "चार-पाच होते जी." फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालून सोडवतात, तेव्हा ती फक्त कडेनं येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते, आणि निकोटिन नेमक्या त्याच वाहिन्या आवळतं. रक्त पोचलं नाही की कातडी काळी पडून मरते, बहुतेक कानामागं, कारण तिथं रक्त सगळ्यात लांबून येतं. 1984 च्या एका अमेरिकन अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा धोका सुमारे 12 पट निघाला. तो अभ्यास सिगारेटचा होता हे खरं, पण निकोटिन खायच्या तंबाखूतही तेच असतं, त्यामुळे खर्रा, गुडाखू (दाताला घासायची तंबाखू), बिडी सगळं ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही चार आठवडे बंद. निकोटिनची गोळी-च्युइंगमसुद्धा चालत नाही. डॉक्टरांपासून लपवू नका, लघवीच्या तपासणीत कळतं आणि भोगायचं आपल्यालाच असतं. खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड उघडणं कमी होतं तो वेगळा त्रास, तोंडात उभी तीन बोटं जात नसतील तर भूल देताना घशात नळी घालणं अवघड जातं.

दुसरी आपल्या भागाची अडचण अंतराची. सगळ्यात जास्त होणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साचणं, ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतं, बीपी वाढलेल्यांना आणि पुरुषांना जास्त. एक गाल अचानक टणक होऊन फुगला आणि ठणकायला लागला तर तासाभरात सर्जन पाहिजे, आणि आर्वीहून नागपूर काही तासाभरात होत नाही, म्हणून टाके निघेपर्यंत आठवडा-दहा दिवस नातेवाईकांकडे नागपुरातच थांबायचं. सूज आणि निळेपणा दोन-तीन आठवडे राहतो. कानाची पाळी काही महिने बधिर असते, कानातलं घालताना कळत नाही, ती जाणीव बहुतेक परत येते. चेहरा हलवणारी नस कायमची दुखावणं विरळ आहे पण होऊ शकतं, सही करायच्या आधी हे विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरला विचारूनच. आणि तोंड एका बाजूला अचानक वाकडं झालं तर ते वय नाही, लकवा असू शकतो, त्याच मिनिटाला दवाखाना.

सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी ही प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का ते बघा. पार्लरच्या वर बसून गाल उचलायला कातडीखाली धागे टाकणारे बरेच झालेत, ते धागे विरघळतात आणि उठावही साधारण वर्षभरात उतरतो. फेसलिफ्टचा परिणाम चांगला झाला तर सात-दहा वर्षं दिसतो, खर्च लाखांत जातो आणि मेडिक्लेम सहसा मिळत नाही.

मावशीच्या मागच्या दाढा गेलेल्या, म्हणून गाल आत बसले होते. डॉक्टर म्हणाले आधी कवळी करा मग बघू. कवळी झाली, गाल थोडे भरले, खर्रा सुटून सहा आठवडे झाले. ऑपरेशन करायचं का ते ती दिवाळीनंतर ठरवणार, वेचणी उरकल्यावर.