थर्ड बेसवर एकवीस हंगाम: आद्रियान बेल्ट्रेच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

बेसबॉलमधला थर्ड बेसमन (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) आद्रियान बेल्ट्रेचा जन्म ७ एप्रिल १९७९ चा, डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो इथला. जन्मतारीख आधी सांगायचं कारण म्हणजे त्याच्या कारकिर्दीतला पहिला मोठा वाद याच तारखेवरून झाला. १९९४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन संघाने त्याला करारबद्ध केलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. नियमाप्रमाणे किमान सोळा पूर्ण हवीत. कागदोपत्री वय एका वर्षाने वाढवलं गेलं आणि २३ हजार डॉलरवर करार उरकला.

अशी घाई का व्हावी, हे कळायला त्या देशातलं बेसबॉल बघावं लागतं. १८६८ ते १८७८ या काळातल्या युद्धामुळे क्यूबा सोडून आलेल्या लोकांनी हा खेळ तिथे आणला आणि उसाच्या पट्ट्यात, साखर कारखान्यांच्या वस्त्यांमध्ये तो रुजला. १९५६ मध्ये ओझी व्हर्जिल हा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, खेळणारा पहिला डोमिनिकन ठरला. पुढे डोमिनिकन पिचर (चेंडू टाकणारा) हुआन मारिचाल १९८३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. अमेरिकेतल्या पोरांची निवड ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू उचलण्याच्या पद्धतीतून, होते. डोमिनिकन पोरांना ड्राफ्ट लागू नाही, जो संघ आधी गाठेल त्याचा मुलगा. डॉजर्सनी तर १९८७ मध्ये तिथे ‘कॅम्पो लास पाल्मास’ ही स्वतःची अकादमीच उघडली होती. चांगला हात दिसला की दुसऱ्या संघाच्या नजरेत येण्याआधी सही घ्यायची, अशी ती चढाओढ होती. तिच्यात पंधरा वर्षांच्या मुलाला भाव करायची ताकद कुठून असणार?

प्रकरण १९९९ मध्ये उघड झालं. मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बड सीलिग यांनी डॉजर्सना ५० हजार डॉलर दंड केला आणि डोमिनिकन रिपब्लिकमधलं त्यांचं खेळाडू शोधण्याचं काम वर्षभर बंद ठेवलं. बेल्ट्रेला करारातून मोकळं व्हायचं होतं, ते मात्र मिळालं नाही. तोवर तो संघाचा नेहमीचा थर्ड बेसमन झाला होता. जून १९९८ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो मेजर लीगमध्ये उतरला होता.

थर्ड बेसची जागा आपल्याकडच्या क्रिकेट बघणाऱ्यांनी समजून घ्यायची तर शॉर्ट लेगची हिंमत आणि कव्हरवरून थेट स्टंप उडवणारा हात, दोन्ही एकाच माणसात लागतात. उजव्या हाताच्या बॅटरने ओढून मारलेला चेंडू थेट अंगावर येतो, म्हणूनच तिला हॉट कॉर्नर म्हणतात. अडवलेला चेंडू मग हिऱ्याच्या आकाराच्या मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला, म्हणजे जवळजवळ १२७ फूट, फर्स्ट बेसवर फेकायचा. बेल्ट्रेची खासियत हळू घरंगळत येणाऱ्या चेंडूवर दिसायची. तो पुढे झेपावायचा, ग्लोव्ह बाजूला ठेवून उघड्या उजव्या हाताने चेंडू उचलायचा आणि पाय न थांबवता, शरीर वाकलेलं असतानाच आडव्या हाताने फेकायचा. आणि हे सगळं तो गार्ड न घालता करत असे. २००९ मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. जांघेत चेंडू बसून गंभीर दुखापत झाली, काही आठवडे बाहेर बसला. परतला तो पुन्हा गार्डशिवायच.

सुरुवातीची वर्षं मात्र जड गेली. २००१ च्या आरंभी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया बिघडली, वजन उतरलं, हंगामाची सुरुवात हुकली. मग २००४ आलं. डाव्या घोट्यात हाड वाढलेलं असताना त्याने ०.३३४ च्या सरासरीने (म्हणजे साधारण तीन प्रयत्नांत एक हिट, फटका मारून बेस गाठणं) ४८ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. ‘सर्वोत्तम खेळाडू’च्या मतदानात फक्त बॅरी बाँड्स त्याच्या पुढे होता.

या एका हंगामाने त्याचं भलं केलं तसं नुकसानही केलं, असं मला वाटतं. सिएटल मरिनर्स या संघाने पाच वर्षांसाठी त्याला ६ कोटी ४० लाख डॉलर मोजले, आणि लोक दर वर्षी ४८ होमरनची वाट बघत बसले. सिएटलचं मैदान उजव्या हाताच्या बॅटरला फार कठीण. तिथे पाच वर्षांत मिळून १०३ होमरन झाले. २००७ आणि २००८ मध्ये गोल्ड ग्लोव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळाले, पण ‘महागात पडलेला खेळाडू’ हा शिक्का पुसला गेला नाही. तिशी ओलांडेपर्यंत तो एकदाही ऑल-स्टार संघात, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, नव्हता.

२०१० मध्ये तो एका वर्षाच्या करारावर बॉस्टनला गेला: सरासरी ०.३२१, ४९ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके). तिथून टेक्सास रेंजर्स, आणि तिथेच आठ हंगाम. २०११ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, पाचव्या सामन्यात पिचर ख्रिस कार्पेंटरच्या चेंडूवर एक गुडघा जमिनीला टेकवून मारलेला होमरन आजही दाखवला जातो. ती मालिका रेंजर्स सातव्या सामन्यात हरले. सहाव्यात तर विजय दोनदा एका स्ट्राइकवर, म्हणजे बॅटरच्या एका चुकीवर, आला होता. वर्ल्ड सीरीजचं विजेतेपद त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही.

जुलै २०१७ मध्ये एका सामन्यात अंपायरने त्याला ऑन-डेक वर्तुळात, म्हणजे पुढच्या बॅटरने थांबायच्या जागेत, उभं राहायला सांगितलं. बेल्ट्रेने त्या वर्तुळाची चटईच ओढून स्वतःच्या पायाशी आणली, आणि बाहेर काढला गेला. चारच दिवसांनी, ३० जुलैला, पिचर वेड मायलीला डबल मारून त्याने ३००० वी हिट नोंदवली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्या खेळाडूंत हा टप्पा गाठणारा तो पहिला. त्याची मुलं मैदानात धावत आली.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. ३१६६ हिट, ४७७ होमरन. यातल्या १४६६ हिट सिएटल सोडल्यानंतरच्या, म्हणजे ज्या वयात बहुतेक थर्ड बेसमन तुलनेने सोप्या फर्स्ट बेसवर सरकवले जातात त्या वयातल्या आहेत. थर्ड बेसवर तो २७५९ सामने खेळला. त्याच्या पुढे फक्त ब्रूक्स रॉबिन्सन, २८७०. पाच गोल्ड ग्लोव्हपैकी शेवटचा २०१६ मधला, वयाच्या सदतिसाव्या वर्षीचा.

हॉल ऑफ फेमने थर्ड बेसमनच्या बाबतीत नेहमीच हात आखडता घेतला आहे. फटकेबाजीत ते फर्स्ट बेस आणि आउटफिल्डवाल्यांशी (मैदानाच्या मागच्या भागातल्यांशी) तोलले जातात, क्षेत्ररक्षणात शॉर्टस्टॉपशी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाशी), आणि दोन्हीकडे उणे ठरतात. बेल्ट्रे मात्र पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ३८५ पैकी ३६६ मतं घेऊन निवडून आला. उरलेल्या १९ जणांनी त्याचं नाव का वगळलं असेल, याचं एकही पटण्यासारखं कारण मला सापडत नाही.